न्हावी खडीला गेला तेव्हा

आमच्या मोठ्या दिरांना इंग्रजी शब्द जमवायचा नाद होता. नुसता नाद असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. कुणी काड्यापेट्यांवरची चित्रं जमवतं, कुणी तपकिरीच्या डब्या. पण हे जमवलेले शब्द लोकांच्या अंगावर टाकत. ते नगरला कॉलेजात शिकवायचे, गावोगाव भाषणं द्यायचे, आणि भाषण लिहिताना अडलं की एसटीनं कोल्हारला आमच्याकडे यायचे, कारण मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. कॉलेजातल्या कुणाला विचारलं असतं तर यांना येत नाही हे उघड झालं असतं. धाकट्या भावाच्या बायकोला विचारण्यात तो धोका नव्हता. मला ते ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे. म्हणताना हसायचे.

बहात्तरचा पाऊस बुडाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी ते असेच आले. मी ओसरीवर बसून रेशनचा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, निवडत होते. त्यांनी चपला काढल्या, पाणी मागितलं, एका घोटात संपवलं. ते पाणी मी पहाटे प्रवरेच्या वाळूतल्या झिऱ्यातून वाटी-वाटीनं भरून आणलं होतं. मग खिशातून कागद काढून त्यांनी विचारलं, “मास्तरीणबाई, रिन्यूअल बरं वाटतं की रिव्हायव्हल?”

“कशाचं?”

“आत्याचं.”

आत्या म्हणजे या दोघा भावांची सख्खी आत्या, माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्न होऊन दोन-तीन वर्षांत तिचा नवरा गेला. सासऱ्यांनी तिला माहेरी आणली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे न्हाव्यासमोर बसवली. तेव्हापासून दर पंधरवड्याला डोक्यावर वस्तरा आणि अंगावर लाल आलवण. सासरे गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, कारण नगरच्या जाऊबाईंना तिचं सोवळं झेपत नव्हतं. मला झेपलं. मी सकाळी शाळेत जायची, घरात स्वयंपाक करणारं माणूस होतं. ती तोंडानं फटकळ, मीही काही गोड नाही. आमचं बरं चाललं होतं.

आत्याबाईंचा वर्षातला एकच दिवस मोठा असायचा. भाद्रपदात पितृपक्ष आला की सासऱ्यांच्या तिथीला नगरला मोठ्या दिरांकडे श्राद्ध व्हायचं, आणि त्याचा सगळा स्वयंपाक आत्याबाई करायच्या. दोन दिवस आधी आपली पितळेची भांडी धोतराच्या फडक्यात बांधून त्या एसटीत बसत. तिथं गेल्यावर जाऊबाई स्वयंपाकघरात पाय ठेवण्याआधी विचारत, आणि एरवी भाषणात कुणाला बोलू न देणारे मोठे दीर बाहेर बसून “आत्या, पाणी आणू का?” म्हणत. गुरुजी जेवून उठताना आळूच्या भाजीचं नाव काढत. आत्याबाई “आमच्या दादाला आवडायची” एवढंच म्हणत, आणि परतीच्या एसटीत कोल्हारपर्यंत कुणाशी भांडत नसत. त्या एका दिवसावर त्या उरलेलं वर्ष काढायच्या. वस्तरा होता म्हणून त्या चुलीपर्यंत जाता येत होतं, हेही त्यांना माहीत होतं. डोक्यावर केस असलेल्या विधवेला श्राद्धाच्या चुलीजवळ कुणी उभी केली नसती.

आता केसांचं काय झालं ते सांगते, कारण पुढं त्याच्यावर बरीच भाषणं झाली. झालं एवढंच की आमचा न्हावी खडी फोडायला गेला.

दिवाळीनंतर तो मागच्या दारी आला तेव्हा हातात वस्तऱ्याची धोकटी नव्हती.

“काकू, वस्तरा काय पोटाला देतोय आता?” तो आत्याबाईंना म्हणाला. “लोकं वर्साला ज्वारी घालायची. आता लोकांच्याच घरात ज्वारी न्हाई. दुष्काळी कामावर चाललोय, घरची समदीच. रोज हाय, खायला सुकडी हाय.”

“आणि माझं रे?”

“दुसऱ्या कुनाला सांगू का?”

“दुसऱ्याचा हात नको माझ्या डोक्याला.”

“मग ऱ्हाऊ द्या की. पाऊस पडला का यीन मी. तवर कोन बघतंय?”

आत्याबाईंनी त्याला चार शिव्या दिल्या आणि चहा दिला. मला विचाराल तर मला बरंच वाटलं. वस्तरा फिरला की त्यांना डोक्यावरून अंघोळ लागायची, आणि तेवढ्या पाण्यात आमच्या घराचा दिवस निघायचा. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुला पाण्याशिवाय दुसरं काही सुचतं का?” नव्हतंच सुचत. त्या वर्षी ज्याला दुसरं काही सुचत होतं त्याच्या घरी कुणीतरी दुसरं पाणी भरत होतं.

आलवणाखाली काय चाललंय ते बरेच दिवस कुणाला दिसलं नाही. मला कळलं ते खोबरेलाच्या बाटलीवरून. ती माझ्या अंदाजापेक्षा लवकर उतरायला लागली. मी पुढच्या बाजारात मोठी बाटली आणली.

मग एकदा त्या अंगणात पीठ चाळत होत्या आणि पदर खाली आला. शेजारच्या बागायतदाराची थोरली सून ताक मागायला आली होती, ती बघतच राहिली.

“अगं बया! काकू, खोडवा लई जोमात फुटलाय की!”

ऊस तोडून नेला की त्याच बुडख्यांतून पुन्हा जो फुटतो, तो खोडवा. तिच्या शेतातला त्या साली जळून गेला होता.

“पानी न्हाई, खत न्हाई, आन् आमच्या उसापरीस बरा हाय,” ती म्हणाली.

“गप गं मेले! तुझ्या उसाला लागली ती नजर माझ्या डोक्याला लावू नकोस.”

दोघी हसल्या. आत्याबाईंनी पदर वर घेतला, पण पूर्वीसारखा घाईनं नाही. गावात तेवढ्यावर तो विषय मिटला. लोकांना चारा, पाणी आणि मिलोच्या भाकरीचे तुकडे पडतात ही दुःखं पुरेशी होती.

तो विषय पुन्हा उकरला मोठ्या दिरांनी. शिमग्याला ते आले होते तेव्हा त्यांनी आत्याबाईंचं डोकं पाहिलं आणि “मार्व्हलस!” म्हणून ओरडले. आत्याबाईंना वाटलं विंचू निघाला. ते परत गेले, महिनाभर काहीतरी जुळवत बसले आणि त्या रविवारी कागद घेऊन माझ्यासमोर आले. नगरच्या एका महिला संस्थेच्या हॉलात आत्याचा सत्कार करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आता फक्त शब्द हवा होता.

मी मिलो निवडता निवडता सांगितलं, “रिन्यूअल आपल्या रेडिओच्या लायसन्सचं होतं, दरवर्षी पोस्टात. रिव्हायव्हल म्हणजे बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणतात ते, नाहीतर बंद पडलेलं नाटक पुन्हा लावतात ते.”

“रिजनरेशन?”

“पालीची शेपटी. तुटली की पुन्हा येते.”

त्यांनी तोंड वाकडं केलं. “रेस्टोरेशन?”

“हाकललेला राजा परत गादीवर आणला की होतं. आत्याबाई कुठल्या गादीवर होत्या?”

“बरं, रिजुव्हिनेशन तरी?”

“म्हातारी मोसंबी खरडून छाटली की तिला नवा फुटवा येतो, ते. वर्तमानपत्रात शक्तीच्या गोळ्यांच्या जाहिरातीतही असतो तो शब्द.”

“अगं, मग केसांना काय म्हणायचं?”

“रीग्रोथ. केस वाढले, एवढंच.”

“फार साधा शब्द झाला.”

“गोष्टच साधी आहे, भाऊजी. न्हावी खडीला गेलाय.”

“तू फार कोरडी आहेस, मास्तरीणबाई,” असं म्हणून त्यांनी सगळे शब्द कागदावर उतरवून घेतले. एकही गाळला नाही. मी तेव्हाच ओळखलं की हा माणूस ते सगळेच्या सगळे वापरणार. ज्याला एक शब्द नेमका सापडत नाही तो अर्धा डझन फेकतो, हे मी दहावीच्या पेपरांत रोज बघत होते. त्या मुलांचे मी गुण कापायची. यांना लोक टाळ्या वाजवायचे.

आत्याबाई नगरला जायला तयार झाल्या, याचं सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. त्यांनी दिरांना एकच प्रश्न विचारला होता, “तुझ्याकडे नळाला पाणी येतं ना अजून?” येत होतं. घागरभर पाण्यानं अंघोळ करून कित्येक महिने झाले होते. त्या अंघोळीसाठी निघाल्या. मी सोबत गेले, कारण शाळेला सुट्टी होती आणि अंघोळ मलाही हवी होती.

हॉलात पंखे होते, इस्त्रीच्या साड्या होत्या, अत्तर होतं. दुष्काळ त्या हॉलाच्या पायरीशी थांबला होता. आत्याबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. मोठे दीर उठले आणि माझ्या देखत पालीची शेपटी, मोसंबीचं झाड आणि रेडिओचं लायसन्स असं सगळं त्यांनी आत्याबाईंच्या डोक्यावर रचलं. त्याशिवाय घरून आणलेलं रिनेसान्स होतंच, ते नाकातून म्हणायचे. “माझ्या आत्यानं धर्माच्या वस्तऱ्याला नकार दिला,” असं ते म्हणाले. “हे पाऊल तिनं स्वतःच्या विचारानं उचललं.” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. मग शाल, नारळ, हार आणि एक चांदीचा मुलामा दिलेली फणी दिली. बोटाच्या दोन पेरांएवढे केस आणि वीतभर फणी. आत्याबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्याकडे दिली.

कुणीतरी म्हणालं, आजींनी दोन शब्द बोलावेत. माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

“न्हावी खडीला गेलाय,” आत्याबाई म्हणाल्या. “पाऊस पडला की येईल.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, त्यात काहीतरी खोल आहे. मोठे दीर शेजारच्या अध्यक्षीणबाईंना म्हणाले, “सिंप्लिसिटी!” मी खुर्चीखाली चप्पल शोधली. त्या खोलीत एका माणसानं खरं सांगितलं होतं आणि ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती.

नारळाची मी दुसऱ्या दिवशी चटणी केली. फणीचा मुलामा पावसाळ्याआधी गेला.

पाऊस मात्र त्र्याहत्तरला पडला. प्रवरा वाहती झाली, झिरे बुजले, आणि आषाढात न्हावी मागच्या दारी हजर झाला, हातात धोकटी.

“काकू, आलो बगा. म्हनलं पैलं तुमच्याकडं यावं.”

आत्याबाई बाहेर आल्या. पाटावर बसतील म्हणून मी पाणी तापत ठेवलं होतं. त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “आज नको. मला जरा कसकस आहे. पुढच्या खेपेला.” त्याला चहा दिला. तापलेल्या पाण्यात मी धुणं भिजवलं.

पुढच्या खेपेला चतुर्थी निघाली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांच्या गुडघ्याला वात आला आणि पाटावर बसवेना. न्हावी काही खुळा नव्हता. तो येऊन यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, दाढी करायचा, चहा प्यायचा आणि जायचा.  पण पितृपक्ष जवळ येत होता, आणि आत्याबाई भांडी घासायला लागल्या होत्या. नगरला न्यायची तीच, पितळेची. चिंचेनं घासून ओळीत मांडत, आणि मग त्यांच्याकडे बघत बसत. दोन्ही एकदम जमणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. 

गणपती बुडाले आणि मोठे दीर आले. या वेळी कागद नव्हता.

“आत्या कुठंय?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“नदीवर. धुणं घेऊन.”

“बरं झालं. मास्तरीणबाई, जरा अडचण झालीय. गुरुजी म्हणतात, केस असलेल्या विधवेच्या हातचं श्राद्धाला चालायचं नाही. दुसऱ्या गुरुजींना विचारलं, ते त्यांचेच मेहुणे निघाले.”

“मग जाऊबाई करतील. सवाष्णीला चालतं.”

“तिला कुठं जमतंय? ओलेत्यानं चार तास चुलीपुढं. तिची कंबर तुला माहितीय.”

मला माहीत होती. ती कंबर फक्त चुलीपुढं दुखायची.

“मग तुमचं काय म्हणणं आहे?”

“तू आत्याला सांग. तुझं ती ऐकते. एकदाच. पक्षापुरतं. नंतर काय, वाढतीलच की पुन्हा.”

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. क्रांती झाली होती, तिचा सत्कारही झाला होता, पण क्रांतीच्या घरी स्वयंपाकाला बाई मिळत नव्हती. गुरुजी निदान जे मानत होते ते बोलत होते. हे काहीच मानत नव्हते आणि सगळं बोलत होते.

“भाऊजी,” मी विचारलं, “वस्तऱ्याच्या या खेपेला कोणता शब्द घालायचा? रिन्यूअल?”

ते हसले नाहीत. उत्तरही त्यांना द्यावं लागलं नाही, कारण आत्याबाई ओल्या धुण्याचा पिळा खांद्यावर घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या.

“काय वाढेल पुन्हा?” त्यांनी विचारलं.

मोठे दीर गडबडले. “अगं आत्या, बस ना. गुरुजींचं म्हणणं असं पडलं की…”

“ऐकलं मी. बहिरी नाहीये.” त्यांनी धुणं बादलीत टाकलं. “मी अशीच येते. शिजवते. दादाला माझ्या हातची आळूची भाजी लागते. चालेल?”

“मला चालेल गं! मी कुठं मानतो हे सगळं? पण गुरुजी…”

“मग गुरुजींना सांग. त्या हॉलात माइकवर सांगत होतास ना, तसंच सांग.”

“ते वेगळं असतं, आत्या.”

“काय वेगळं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द अडला की ते माझ्याकडेच बघायचे. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही.

आत्याबाईंनी हात पुसले. “तुझ्या बापानं मला न्हाव्यापुढं बसवलं तेव्हा विचारलं नाही. तू हार घातलास तेव्हाही विचारलं नाहीस. आता विचारतोयस, तर सांगते. नाही.”

“आणि पक्ष?”

“तुझा बाप, तुझी चूल. बघा तुमचं तुम्ही.”

मोठे दीर चहा न घेता गेले. मी आधण उतरवून ठेवलं. आत्याबाई आत गेल्या आणि ती घासलेली भांडी एकेक करून फळीवर चढवायला लागल्या. मी मदत करायला गेले नाही. नाही म्हणताना आपण काय सोडलं, हे त्या भांड्यांच्या आवाजात ऐकू येत होतं, आणि त्यात दुसऱ्यानं हात घालण्यासारखं काही नव्हतं.

तिथीच्या दिवशी हे एकटेच पहाटेच्या एसटीनं नगरला गेले. आत्याबाई नेहमीसारख्या उठल्या, अंघोळ केली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिल्या. त्यांना रिकामं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मोरीच्या पाण्यावर आळू माजलं होतं. मी जाऊन ते कापून आणलं आणि त्यांच्यापुढं टाकलं.

“हे काय?”

“आळू. वड्याचं पीठ मी भिजवू की तुम्ही भिजवता?”

“तुझ्या हातचे वडे कावळासुद्धा खायचा नाही. तू शाळेत जा.”

मी शाळेत गेले.

दुपारी परत आले तेव्हा घरात खिरीचा वास होता आणि सगळी पितळेची भांडी खाली उतरली होती. परसात केळीच्या पानावर वाढलेलं होतं, आणि त्यातला वडा गेलेला होता. मंत्र नाही, गुरुजी नाही. शास्त्राच्या हिशेबात ते कशातच बसणारं नव्हतं. कावळ्यानं चौकशी केली नव्हती.

हे संध्याकाळी आले आणि दारातूनच म्हणाले, “काही उरलंय का?” नगरला जाऊबाईंची कंबर अखेर चुलीपुढं उभी राहिली होती. खीर करपली होती, आळूच्या भाजीनं सगळ्यांचे घसे खाजले होते आणि गुरुजी पाणी पीत पीत घरी गेले होते. मोठे दीर म्हणत होते की बटाट्यासारखी साधी भाजी केली असती तर बरं झालं असतं. त्यापुढच्या हिवाळ्यात त्यांनी संगमनेरला तेच भाषण पुन्हा दिलं, असं माझ्या कानावर आलं. सगळ्या शब्दांसकट, आत्याच्या उदाहरणासकट. माझ्याकडे विचारायला आले नाहीत, एवढंच.

मी यांना पान वाढलं. आत्याबाई दाराशी बसून ते कसं जेवतात ते बघत होत्या, नगरला गुरुजींकडे बघायच्या तशा. खिरीच्या तिसऱ्या घासाला हे थांबले. वाटीतून एक लांब पांढरा केस निघाला. माझा काळा केस कधी आमटीत सापडला तर पान सरकवून उठणारा हा माणूस. त्यांनी तो केस चिमटीत धरला, पानाच्या कडेला ठेवला आणि खीर खाल्ली. वर म्हणाले, “आत्या, आळू झकास झालंय.”

आत्याबाईंचं लक्ष पानाच्या कडेला होतं. आयुष्यभर त्यांनी घरातल्या प्रत्येक सुनेला केसांवरून बोलून घेतलं होतं.

“बाजारात कधी जाणारेस?” त्यांनी मला विचारलं.

“परवा. काय आणायचंय?”

“केस बांधायला आगवळ आण. काळी.”

“पांढऱ्या केसांना काळी?”

“मग काय पांढरी आणतेस? सुटून पिठात पडली तर मला दिसायची कशी?” त्या म्हणाल्या आणि खरकटं काढायला उठल्या.